फ्री म्हणजे फुकट नव्हे

सर सायकल चालवत नसत, सायकल घेऊन चालत. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी एक जुनी फीट्स, म्हणजे इथली सायकल, विकत घेतली, दोनदा पडले, आणि त्यानंतरची सगळी वर्षं ती हाताने धरून लायब्ररीत, बाजारात, माझ्या घरी, सगळीकडे चालत नेली. हँडलला कापडी पिशवी आणि डोक्याला माकडटोपी, मग जून महिना का असेना. सायकल घरीच का ठेवत नाही असं कुणी विचारलं की म्हणायचे, "या गावात सायकल नसलेल्या माणसाला कुणी हिशेबात धरत नाही. मी हिशेबात आहे, फक्त बसलेला नाही."

असा माणूस चेष्टेवारी न्यायला सोपा. आम्ही नेलाच. गावातल्या मराठी मंडळींत त्यांची नक्कल करण्यात माझा हात कुणी धरला नसता. आता ते आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती हे खरं आहे.

ओळख भांडणातूनच झाली. महाराष्ट्र दिनाला इथे सुट्टी नसते, म्हणून आमचं मंडळ तो जवळच्या शनिवारी उरकून घेतं. त्या वर्षी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता आणि दारावरचा बोर्ड माझ्याकडे होता. मी कडेने झेंडूची फुलं काढून, वळणदार अक्षरात, लहान मुलांना 'लंच फॉर फ्री' असं लिहून आले. अर्ध्या तासाने बघते तर 'फॉर'वर निळ्या बॉलपेनची आडवी रेघ. शेजारी माकडटोपीतले एक पन्नाशीचे गृहस्थ, हातात पेन, चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही.

"हे तुम्ही केलंत?"

"'फॉर'च्या पुढे नाम लागतं, ताई. फ्री हे नाम नाही. लंच फ्री असतं. किंवा फॉर नथिंग असतं. फॉर फ्री कधीच नसतं."

"अहो, सगळे असंच लिहितात."

"सगळे लिहितात म्हणून तर मला पेन घेऊन एवढं चालावं लागतं," ते म्हणाले आणि आत जाऊन वरणभाताच्या रांगेत उभे राहिले.

मी चिडून त्या रात्रीच शब्दकोश उघडला. त्यात 'फॉर फ्री' होतं, अनौपचारिक म्हणून का होईना, होतं. पुढच्या आठवड्यात ते लायब्ररीत दिसल्यावर मी ते पान फोनवर त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी शांतपणे वाचलं. "शब्दकोश पंचनामा करतो," म्हणाले. "काय झालं ते लिहून घेतो. बरोबर झालं असं म्हणत नाही." मी फोन मागे घेतला. मग त्यांना घरी चहाला बोलावलं, आणि माझी शिकवणी सुरू झाली.

तेव्हा मला नोकरी हवी होती आणि मुलाखतीत माझी दातखीळ बसायची. सर अकोल्याकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, इथे जवळच हूफडॉर्पला सॉफ्टवेअर टेस्टिंगची चांगली नोकरी लागली, तेव्हा सर बिनपगारी रजा टाकून, मुलीला घेऊन मागून आले. म्हणजे माझ्यासारखेच, बायकोच्या जागी नवरा एवढाच फरक. गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीतल्या फॉर्मवर आम्हा दोघांचीही जात एकच होती, डिपेंडंट. त्यातही त्यांनी तिथल्या बाईंना स्पेलिंग सांगितलं होतं. "शेवटी ए-एन-टी. मुंगी. ई-एन-टी लिहिलं तर ते विशेषण होतं. मी विशेषण नाही, मी नाम आहे."

शिकवणीचे पैसे घेणार नाही म्हणाले, पण फुकटही शिकवणार नाही म्हणाले. ठरलं ते दोन भाकऱ्यांवर. ज्वारीचं पीठ मी हेगच्या सुरिनामी दुकानातून आणायचे. भाकरी जाड झाली की त्यांना चालायचं, तुटली की म्हणायचे, "आज शिकवणी अर्धी." आणि खरोखर अर्ध्या तासात उठायचे.

शिकवणी म्हणजे काय, तर बहुतेक वेळ एकाच शब्दाची. मी म्हटलं, सर, उद्या फ्री आहात का? तर, "फ्री मी रोजच आहे. उद्या मोकळा नाही." मग वीस मिनिटं मराठी. रिकामा कोण, मोकळा कोण, फुकट काय, मोफत काय, मुक्त कोण आणि सुटलेला कोण. इंग्रजांनी हे सगळं एका शब्दात कोंबलं आणि जगाला वापरायला दिलं, असा त्यांचा आरोप होता. 'फ्री ऑफ' म्हणजे ती गोष्ट नाहीच. 'फ्री फ्रॉम' म्हणजे होती, छळत होती, आता सुटली. 'फ्री गिफ्ट' लिहिणाऱ्याला ते विचारायचे, दुसरी कोणती भेट असते, विकतची? पत्राच्या शेवटी मी 'प्लीज फील फ्री टू कॉल मी' लिहिलं, तर म्हणाले, "फोन करायची परवानगी देणारी तू कोण?" आणि एकदा वहीत दोन वाक्यं एकाखाली एक लिहून दिली. एकात 'फ्री', दुसऱ्यात 'फ्रीली'. पहिल्यात पैसे लागत नाहीत, दुसऱ्यात आडकाठी नाही. "हे दोन जो एक समजतो तो बुडतो," म्हणाले. मी मान डोलावली. मला भाकरीखालचा गॅस बंद करायचा होता.

डच लोकांवर मात्र ते या एका बाबतीत खूश होते. त्यांनी फुकटचा 'ग्राटिस' वेगळा ठेवलाय आणि मुक्तचा 'व्रै' वेगळा. दुकानात एकावर एक ग्राटिस, स्टेशनवर धुरापासून व्रै. पण व्रैचेही त्यांनी हाल केलेच. डचमध्ये 'व्रै काउट' म्हणजे बऱ्यापैकी थंडी. सर म्हणायचे, आज स्वतंत्र थंडी आहे. गॅरेजच्या दारांवर गाडी आडवी लावू नका अशा अर्थाची पाटी असते, तिच्यातही व्रै आहे, दार 'मुक्त सोडा' म्हणून. ते थांबून, टोपी काढून दाराला म्हणायचे, "मी कुठे धरलंय तुला?" लोक बघायचे. मी दोन पावलं मागे राहायचे, ओळख नसल्यासारखी.

पिझ्झावाल्यांच्या पत्रकांवर ते खुणा करून ती परत त्यांच्याच पेटीत टाकत. नोकरीच्या नकाराची पत्रंसुद्धा सोडत नसत. अशी पत्रं त्यांना पुष्कळ येत. इथल्या शाळा, शिकवणीचे वर्ग, कंपन्या, सगळीकडे अर्ज केले होते. कुणाला इंग्रजी ही मातृभाषा असलेला हवा होता, कुणाला इथली पदवी. एकाने शेवटी 'फील फ्री टू अप्लाय अगेन' लिहिलं होतं. सरांनी त्याखाली रेघ मारून, आभार मानून, पत्र साभार परत पाठवलं. मी हसून हसून बेजार झाले. ते हसले नाहीत. मला वाटलं विनोद मुरलाय.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात गेले होते. वडील जिनिंगमध्ये हमाल, घरात दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नाही. फीच्या खिडकीशी रांग. आतला कारकून फॉर्म बघायचा आणि मान वर न करता ओरडायचा, "फ्रीवाले बाजूला!" फ्रीशिपची पोरं भिंतीला लागून उभी राहायची. पैसे भरणाऱ्यांची रांग संपली की त्यांचा नंबर, आणि तोवर खिडकी बंद.

"तिसऱ्या दिवशी रांगेतला एक मुलगा म्हणाला, तुमचं काय बाबा, फुकटात. रागाने नाही म्हणाला, सहज म्हणाला. मी तसाच लायब्ररीत गेलो आणि डिक्शनरीत फ्री काढला. अख्खं पान होतं त्याच्यावर. पहिला अर्थ, गुलाम नसलेला. फुकट हा अर्थ फार खाली होता. मी ते पान उतरवून घेतलं. बाकी इंग्रजी नंतर शिकलो."

मी पुण्यात शिकले. आमच्या कॉलेजातही खिडकी होती आणि दोन रांगा होत्या. मी कुठल्या रांगेत होते ते सांगायला नको, आणि रांगेत उभं राहून मी काय काय सहज म्हणाले असेन तेही. त्या दिवशी भाकरी तुटली होती, तरी ते तासभर बसले.

सरांमुळे मला नोकरी लागली. विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत, मनुष्यबळ विभागात. मुलाखतीहून परत आले तेव्हा ते सायकल धरून बसस्टॉपवर उभे होते. काय विचारलं, काय उत्तर दिलंस, कुठे अडलीस, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिळेल." मिळाली. पेढे घेऊन गेले तर वहिनी म्हणाल्या, "यांना आज माझ्या प्रमोशनपेक्षा जास्त आनंद झालाय." सर आतल्या खोलीत निघून गेले होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या कॉलेजचं पत्र आलं. रजा संपतेय. हजर व्हा, नाहीतर तीन महिन्यांच्या नोटिशीने राजीनामा द्या. वहिनींची नोकरी इथे. मुलगी इथल्या शाळेत, वडिलांनी मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तर देणारी. सर परत जायचं म्हणत होते. एकटेच.

"तिथं मी सर आहे," ते मला म्हणाले. "इथं मी कोण आहे? शाळेच्या फाटकाशी उभा राहणारा टोपीवाला." एवढं सरळ ते पहिल्यांदाच बोलले होते. "एक वर्ग मिळाला असता तर थांबलो असतो. एकच. पगार कमी असला तरी चाललं असतं, पण नोकरी पाहिजे."

मला तेव्हा फार कर्तबगार असल्यासारखं वाटत होतं. आमच्या कंपनीत इंग्रजीचे वर्ग घेणारी हूफडॉर्पची एक संस्था होती. नव्याने आलेल्या लोकांना नोकरीपुरतं इंग्रजी शिकवायची. तिथल्या संचालक बाईंशी माझी चांगली ओळख होती, आणि त्यांना शिक्षक हवा होता, पगारी. मी सरांचा अर्ज पाठवला, वर चार कौतुकाच्या ओळी. बाईंचं उलट उत्तर आलं. अनुभव उत्तम आहे, पण हे इथे काम करू शकतात ना? त्यांच्या बाजूने काही अडचण?

आमच्या ओळखपत्रांच्या मागे एक ओळ छापलेली असते, 'आर्बाइड व्रै टूखेस्तान'. काम करायला मुभा, वेगळा परवाना लागत नाही. ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती. ऑफिसात जेवणाची वेळ झालेली, मैत्रिणी दाराशी थांबलेल्या. मी लिहिलं, 'नो प्रॉब्लेम. ही कॅन वर्क फ्री.' आणि मला नक्की आठवतंय, पाठवण्याआधी मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि खूश झाले, कारण बोटं 'फॉर'कडे वळली होती आणि मी ती थांबवली होती.

बाईंनी सरांना बोलावलं. सर बसने गेले, सायकल न घेता, आणि टोपीही न घालता. दोन दिवसांनी फोन आला. आवाज इतका मोठा की मी फोन कानापासून लांब धरला.

"झालं! सप्टेंबरपासून आठवड्याला चार सकाळी. करारावर सही केली. आणि काय सांगू, हे लोक किती सुसंस्कृत आहेत! कराराच्या डोक्यावरच लिहिलंय, स्वेच्छा करारनामा. माणूस स्वतःच्या इच्छेने सही करतोय, कुणी जबरदस्ती केलेली नाही. आपल्याकडे कुणी लिहितं का असं?"

"नाही बुवा," मी म्हटलं, आणि दोघंही हसलो. मी डच शब्द विचारला नाही. विचारला असता तर तिथेच कळलं असतं. 'व्रैविलिखर' ही पाटी या देशात प्रत्येक लायब्ररीत, प्रत्येक वृद्धाश्रमात, प्रत्येक फुटबॉल मैदानावर असते. स्वयंसेवक. बिनपगारी. सर पुस्तकातून डच शिकले होते. त्यांनी शब्द फोडला, मुक्त आणि इच्छा, आणि दोन्ही तुकडे बरोबर लावले.

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा पाठवला.

सप्टेंबरात मी एकदा त्यांचा वर्ग बघायला गेले. अठरा माणसं होती. सीरियन, एरिट्रियन, पोलिश, आपल्याकडच्या दोन-तीन बायका. सर फळ्याशी. मी इतकी वर्षं ज्यांना बघत होते ते हे नव्हतेच. पाठ ताठ, आवाज खणखणीत, खडू नव्हता तरी दोन बोटं खडू धरल्यासारखी. एका मुलीने चुकून बरोबर वाक्य केलं तर त्यांनी सगळ्या वर्गाला उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. मीही मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या. हे मी केलं, असं वाटलं मला. हो, तसंच वाटलं.

महिनाअखेरीला त्यांनी मला विचारलं, आडून आडून, नजर भाकरीवर ठेवून, "इथं पगार कधी होतो गं?"

"सर, पहिला पगार कधीकधी पुढच्या महिन्याबरोबर काढतात. कागदपत्रं व्हायला वेळ लागतो. थांबा की जरा. अगदीच मास्तर आहात तुम्ही!"

"नाही, विचारलं आपलं," ते ओशाळून म्हणाले. "राजीनामा मागं घ्यायची मुदत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आहे. तशी गरज नाही म्हणा आता."

"कशाला मागे घ्यायचा? शुभ बोला."

मी मनुष्यबळ विभागात काम करते. पगार कसे होतात हे सांगण्याचा मला अधिकार आहे असं त्यांना वाटलं, आणि ते थांबले. मुदत गेली. ऑक्टोबरही गेला.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ते आले. दारात सायकल भिंतीला न टेकवता तशीच सोडली, ती पडली. त्यांनी उचलली नाही. टोपी न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले.

"काल विचारलं बाईंना पगाराचं. हसल्या. म्हणाल्या, बट यू आर डूइंग धिस फॉर फ्री!"

मला काही समजेना. "मग?"

"मी म्हणालो, 'फॉर' नको."

तवा तापला होता. मी गॅस बंद केला.

"मग त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीनेच तसं कळवलं होतं. दाखव बरं, काय लिहिलं होतंस."

मी फोन काढला. मेल सापडेना, सापडली तेव्हा मी ती त्यांच्याआधी वाचली आणि मला सगळं दिसलं. फोन पुढे करावाच लागला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, नेहमी वही वाचायचे तसं, पहिल्या अक्षरापासून.

"वाक्यात चूक नाही," ते म्हणाले. "'फॉर' घातला नाहीस."

"सर, फ्रीली हवं होतं."

"हो. फ्रीली हवं होतं."

मी रडायला लागले. ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले, आणि बावीस वर्षं घासूनपुसून ठेवलेली त्यांची मराठी सुटली. "मले समजाले पायजे होतं ना. कागदावर लिवलंच होतं. मी स्वेच्छा वाचली. एवढा मोठा शहाणा मी, मी स्वेच्छा वाचली."

सोमवारी मी संस्थेत गेले. भांडायलाच गेले होते, पण भांडायला समोर कुणी दुष्ट नव्हतं. बाई मनापासून हळहळल्या. पगारी जागा होती हे खरं, पण सर बिनपगारी यायला तयार आहेत म्हटल्यावर संस्थेच्या संचालक मंडळाने ती रक्कम दुसरीकडे वळवली. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या, शब्द देत नाही. माझ्या मेलची छापील प्रत त्यांच्या फायलीत होती. माझ्याच नावाखाली.

सरांच्या जागी कॉलेजने माणूस घेतलाही होता. तिकडच्या एका सहकाऱ्याने त्यांना फोनवर सांगितलं, चांगला पोरगा आहे, तुमच्याच हाताखालचा.

वर्ग त्यांनी सोडला नाही. मी म्हटलं, सर, आता कशाला जाता? त्यांना धडा मिळू दे. तर म्हणाले, "धडा कुणाला? त्या अठरा जणांनी काय केलंय?" पण परत गेले ते वेगळे. वहिनींनी मला सांगितलं की आता घरी बोलत नाहीत, पत्रकं येतात तशी कचऱ्यात जातात. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "तू मुद्दाम थोडंच केलंस," आणि त्यानंतर मी त्यांच्याकडे जायचं टाळू लागले. मला कुणीतरी बोलायला हवं होतं. नवरा म्हणाला, गैरसमज होतात. आई फोनवर म्हणाली, त्यांच्या नशिबात नव्हतं. अपराध माझा होता आणि तो कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. सर तर नाहीच. मी मनातल्या मनात किती वेळा त्यांच्या तोंडून स्वतःला शिव्या घालून घेतल्या, पण प्रत्यक्षात ते रस्त्यात भेटले की "बरं आहे ना?" एवढं विचारत आणि सायकल घेऊन पुढे जात.

डिसेंबरात ते पुन्हा आले, एक कागद घेऊन. फुलांच्या लिलावाच्या गोदामात ट्रॉल्या लावायचं काम एका एजन्सीकडून मिळत होतं. दुपारचं, म्हणजे सकाळचा वर्ग बुडणार नव्हता. एजन्सीला आधीच्या नोकरीचा कागद इंग्रजीत हवा होता आणि भाषांतर दुसऱ्या कुणीतरी करून खाली सही करायला हवी होती.

"तू करशील का?" त्यांनी विचारलं. "माझं मी केलेलं चालत नाही म्हणतात."

कॉलेजचा आदेश होता. शिक्का, जावक क्रमांक, प्राचार्यांची सही. मजकूर चार ओळींचा. त्यांचा राजीनामा स्वीकारण्यात आला असून त्यांना मध्यान्होत्तर सेवेतून कार्यमुक्त करण्यात येत आहे.

मी लॅपटॉप उघडला. ते समोर बसले. खिडकीबाहेर चार वाजताच अंधारून येत होतं. कार्यमुक्तला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत होतं. 'रिलीव्ह्ड'. आमच्या ऑफिसात मी तो शब्द आठवड्यातून चारदा लिहिते. मी तो लिहिला नाही. मी मुद्दाम 'मेड फ्री' लिहिलं. 'ही इज मेड फ्री फ्रॉम द कॉलेज.' इतकं वाईट, इतकं उघडं, की शाळेतल्या पोराच्याही डोळ्यात खुपावं. तो कागद छापून मी त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी पेन ठेवलं. मला फक्त त्यांनी चिडायला हवं होतं. एकदाच. रेघ मारावी, कागद भिरकावावा, म्हणावं की चार वर्षं तुला हेच शिकवलं का. मग मी सगळंच बोलले असते, पाय धरले असते.

त्यांनी चष्मा वर केला. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. त्या शब्दाशी थांबले. थांबलेले मला दिसले.

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "सही कर."

मी सही केली.